धुऱ्यावरच्या ऐनाला लटकलेले तीन कोष : टसर पतंगाचं घर, खाणं आणि वर्षभराचा मुक्काम

कवडसा | १२ डिसेंबर

नवेगावबांधच्या बाजूला माझ्या मामांची धानाची शेती आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ऐनाची चार झाडं उभी आहेत, मामा त्यांना येन म्हणतात. मळणीच्या मशीनला आडवी येते म्हणून त्यांनी परवा एकाची खालची फांदी तोडली. ती ओढत बाजूला नेताना पानांच्या मागे तीन कोष दिसले. कोंबडीच्या लहान अंड्याएवढे, राखाडी पिवळट, आणि दगडासारखे कडक. प्रत्येकाला वरून काळपट दांडा. दांड्याच्या टोकाला एक कडं, डहाळीभोवती इतकं घट्ट बसलेलं की सोनारानं घडवून चढवलंय असं वाटावं. डहाळी मोडल्याशिवाय ते निघणारच नाही.

मामा म्हणाले, "कोसा आहे तो." म्हणजे टसर रेशमाचा, एवढं मला कळलं. पण शोधायला बसले तर सगळीकडे साड्याच साड्या. हा जीव राहतो कुठे, खातो काय, आत किती दिवस असतो, हे नीट कुणी सांगत नाही. डहाळीसकट तिन्ही कोष घरी आणलेत. दोन जड लागतात, हलवले की आत काहीतरी भरीव हलतं. तिसरा फारच हलका आहे. जिवंत आहेत का हे? आणि आता मी काय करू?

निशाचर_७ | १२ डिसेंबर

आधी एक विनंती, पुन्हा हलवू नका. जड लागतात म्हणजे ते दोघे बहुधा जिवंत आहेत.

हा टसर पतंग, अँथेरिया मायलिटा. सॅटर्निडी कुळातला, म्हणजे चंद्रपतंग आणि ॲटलास पतंगाचा नातेवाईक. मध्य आणि पूर्व भारतातली पानगळीची जंगलं हे त्याचं घर. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपासून बस्तर, झारखंड, ओडिशापर्यंत तो जंगलात मोकळा राहतो. झाडं ठरलेली : ऐन, अर्जुन आणि साल. ती नसतील तर बोर, धावडा, जांभूळ यांवरही अळ्या वाढतात, पण ऐन आणि अर्जुनावर त्यांचं पोषण जास्त चांगलं होतं. आपल्याकडे साल जवळजवळ नाहीच, म्हणून आपला टसर मुख्यतः ऐनावरचा.

मामांचं झाड ऐनच आहे याची खात्री करायची असेल तर पान उलटं करून देठाजवळ बघा. मधल्या शिरेच्या बुडाशी एकदोन बारीक गाठी दिसतील. खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते.

आता तुमच्या सोनाराच्या कड्याबद्दल. मला या पतंगाच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. पूर्ण वाढलेली अळी कोष विणायच्या आधी आतडं रिकामं करते, आजूबाजूची दोनतीन पानं धाग्यानं ओढून झोळी करते, आणि डहाळीभोवती तोंडातल्या धाग्याचे फेरे घालत कडं बांधते. मग दांडा, मग कोष. ऐनाची पानं उन्हाळ्याच्या तोंडावर गळतात. नुसत्या पानात गुंडाळलेला कोष त्यांच्यासोबत खाली आला असता. हा कड्यामुळे उघड्या फांदीवर तसाच लटकत राहतो, आणि आतला जीव जूनची वाट बघतो.

सावली | १३ डिसेंबर

डिसेंबर ते जून? सात महिने अन्नपाण्याशिवाय?

निशाचर_७ | १३ डिसेंबर

हो. त्याला सुप्तावस्था म्हणतात. आतला प्युपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था, श्वास घेतो, जिवंत असतो, पण वाढ थांबवलेली असते. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो तगतो. पावसाळ्यात तयार झालेल्या कोषातून काही आठवड्यांत पतंग निघतो, पण दिवस लहान होत जाताना वाढलेल्या अळ्यांचे कोष थांबून राहतात. म्हणून काही भागांत वर्षाला एकच पिढी, कुठे दोन, कुठे तीन.

भुईचाफा | १३ डिसेंबर

नावाबद्दल थोडं. मी जुन्या नोंदींत याला अँथेरिया पॅफिया असं वाचलंय. ते चूक का?

निशाचर_७ | १३ डिसेंबर

दोन्ही नावं जुनी आहेत. पॅफिया हे लिनियसचं, १७५८चं. मायलिटा हे ड्रुरीचं, १७७३चं. भारतातल्या जुन्या लिखाणात ती एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेली दिसतात. आज भारतातल्या टसरला मायलिटाच म्हणतात. नाव एक असलं तरी हा पतंग सगळीकडे सारखा नाही. जागेप्रमाणे त्याचे ४०हून अधिक स्थानिक वाण नोंदलेले आहेत. झारखंडाकडचा डाबा, बस्तरच्या सालवनातला रैली, ओडिशातला मोडल, आणि आपला तो भंडारा वाण. कोषाचा आकार, रंग, जाडी, वर्षातल्या पिढ्या, सगळ्यांत फरक. यातले काही वाण माणसानं झाडावर सोडून पाळलेत. रैली मात्र अजून जंगलातून गोळाच करतात.

येनबोडी | १४ डिसेंबर

ताई, तुमचा धागा वाचून लय बरं वाटलं. आमी आरमोरीकडचे, ढिवर समाजाचे. आमचे बाप-आजे कोसाच काढत होते, मीबी लहानपनी जागलीले जात होतो.

तिसरा कोसा हलका म्हनता तर त्याच्या टोकाकडं नीट पाहा जी. बारीक गोल भोक असन. असन तर त्यातलं पाखरू गेलं समजा.

कवडसा | १४ डिसेंबर

आहे! दांड्याच्या विरुद्ध बाजूला नाही, दांड्याच्या जरा खाली आहे. पेन्सिलीच्या जाडीचं, कडा एकदम साफ. मला वाटलं पतंग तिथूनच बाहेर गेला असेल.

निशाचर_७ | १४ डिसेंबर

नाही, पतंग असा निघत नाही. पतंग निघालेल्या कोषाचं दांड्याकडचं टोक ओलसर होऊन धागे विस्कटलेले दिसतात, भोक मोठं आणि केसाळ असतं. साफ कापलेलं गोल भोक हे गांधीलमाशीचं काम. झँथोपिम्प्ला नावाची पिवळी, काळ्या ठिपक्यांची एक माशी असते. अळी कोष विणत असताना, भिंत अजून मऊ असताना, ती बाहेरून टोचून आत अंडं घालते. तिची अळी आतल्या प्युपाला खाते आणि मोठी झालेली माशी कोष कुरतडून बाहेर पडते.

येनबोडी | १४ डिसेंबर

पिवळी माशी, बरोबर. अन दुसरी उझी. उझी अळीच्या अंगावरच अंडं चिटकवते. आतला किडा शिरला का अळीच्या अंगावर काळा डाग पडते. तशी अळी वाचत नाई. उझीचा किडा मंग बाहेर येऊन मातीत जाते. म्हनून आमचे बाबा झाडाखालची माती साफ ठेवत.

कावळे येतेत, वटवाघळं येतेत, लाल मुंग्या येतेत, एक ढेकणासारखा किडा सोंड खुपसून लहान अळ्या पिते. दिवसभर गोफन घेऊन बसा लागते. लेकरावानी जपा लागते जी.

सावली | १५ डिसेंबर

येनबोडी दादा, एक विचारू का? राग मानू नका. इतकं लेकरासारखं जपून शेवटी ते कोष उकळतातच ना?

येनबोडी | १५ डिसेंबर

राग कायचा ताई. हो, धाग्यासाठीचे कोसे उकडाच लागते. पाखरू निंघालं का धागा सलग रायत नाई, त्याचा मंग घिच्चा काढतेत, तो जाडाभरडा रायते. बियान्याचे कोसे वेगळे निवडून ठेवतो आमी, माळा करून टांगतो, त्यातलं पाखरू निंघू देतो. त्याच पाखरांची अंडी पुढच्या वर्षी झाडावर. माझ्या आईले उकडायच्या दिवशी जेवन जात नव्हतं. मी खोटं नाई सांगत. पन कोसा होता म्हनून आमच्या बोडीच्या, म्हंजे लहान तळ्याच्या, काठचं येन कोनी तोडलं नाई, हेबी तितकंच खरं.

सावली | १५ डिसेंबर

इतकं मोकळेपणानं सांगितलंत, आभार. माझं मत बदललेलं नाही, पण आता तुमची आईही त्यात आली.

कवडसा | १७ डिसेंबर

गांधीलमाशीचा कोष बाजूला ठेवला. उरलेले दोन डहाळीसकट माझ्या अभ्यासाच्या टेबलावर टांगलेत, वर टेबल लॅम्प आहे. रात्री बारा-साडेबारापर्यंत वाचत असते, तेव्हा सोबत वाटते त्यांची. ऊब मिळेल हाही विचार होता.

प्रयोगवही | १७ डिसेंबर

कवडसाताई, कृपया आजच्या आज तिथून काढा. प्राणीशास्त्राची विद्यार्थिनी आहे, याच विषयावर सेमिनार दिलाय, म्हणून जरा अधिकारानं सांगते.

टसरचा चिनी भाऊ, अँथेरिया परनाय, ओकवर वाढतो. तोही प्युपा अवस्थेत हिवाळा काढतो. कॅरोल विल्यम्स आणि पेरी ॲडकिसन यांनी १९६४मध्ये दाखवलं की त्या प्युपाला दिवसाची लांबी कळते. प्युपाच्या डोक्यावर, बरोब्बर मेंदूच्या वर, कवचाचा एक पारदर्शक तुकडा असतो. कोषाच्या भिंतीतून झिरपलेला उजेड त्या खिडकीतून थेट मेंदूवर पडतो. दिवस लांब झाले की मेंदू संप्रेरक सोडायला लागतो आणि थांबलेली वाढ सुरू होते. डोळे अजून तयार व्हायचेत, आणि मेंदू स्वतः ऊन मोजतोय! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आता तुमचं टेबल बघा. रात्री साडेबारापर्यंत उजेड म्हणजे त्या जिवाला ऐन डिसेंबरात जेठाचा दिवस. तो फसून जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर आला तर जोडीदार कुठून मिळणार? आणि अंडी घातली तरी अळ्या खातील काय? तेव्हा ऐनाची पानं जून, चामड्यासारखी झालेली आणि गळायला टेकलेली असतात.

कवडसा | १७ डिसेंबर

काढले. आत्ता उठून काढले. बाहेरच्या छपरीत, कौलाखालच्या वाशाला डहाळी बांधलीय. रस्त्यावरचा दिवा तिथे पोचत नाही, ऊन थेट लागत नाही. मामांनी भोवती जाळी लावलीय, उंदरांसाठी. मी सहा दिवस त्यांना दिव्याखाली ठेवलं, याचं फार वाईट वाटतंय.

प्रयोगवही | १८ डिसेंबर

सहा दिवसांनी बहुतेक काही बिघडणार नाही. छपरी उत्तम. आता बाहेरच्या थंडीत, बाहेरच्या उन्हात, बाहेरच्या दमट हवेत राहू द्या. मधूनमधून पाणी शिंपडायचा मोह होईल, तोही नको. झाडाला जे मिळतं तेच त्यांना मिळू दे.

तळ्याकाठी | ९ जानेवारी

धागा आजच वाचला. मलाही असे कोष अभयारण्यातल्या वाटेवर दिसले होते, तिकडून आणू का?

निशाचर_७ | ९ जानेवारी

मुळीच नाही. संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कोष झाडावरच बरा. कवडसाताईंची फांदी तुटलेली होती म्हणून त्यांनी आणले. तुम्ही फोटो काढा, झाड ओळखा, जागा लक्षात ठेवा आणि जूनमध्ये पुन्हा जा.

कवडसा | २१ मार्च

बरेच दिवसांत लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. दोघे तसेच लटकलेत. धुऱ्यावरचे ऐन आता जवळपास ओकेबोके झालेत. उरलेल्या फांद्यांत आणखी एक कोष दिसला, पाननपान गेल्यामुळे. उन्हात एकटा लोंबतोय. तोच राखाडी रंग, वाळक्या फळासारखा, नजर फिरवली तर पुन्हा सापडत नाही.

पलीकडच्या जंगलात रात्री वणव्याची रेघ दिसते. मोहासाठी पाला जाळतात म्हणे.

निशाचर_७ | २२ मार्च

पाननपान गेल्यावर कोष दिसतात, हे कावळ्यांना आणि सुतारपक्ष्यांनाही ठाऊक असतं. पण त्याची भिंत फोडणं सोपं नाही. कोष विणून झाल्यावर अळी आतून एक द्रव सोडते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे कण असतात. तो धाग्यांच्या जाळीत मुरतो आणि वाळला की भिंत टणक होते. तुतीच्या रेशमाचा कोष बोटांनी दाबला जातो, टसरचा तुम्ही स्वतः पाहिलात.

वणव्याबद्दल : जमिनीवरचा पाला जळतो तेव्हा पाल्यात किंवा मातीच्या वरच्या थरात हिवाळा काढणारे कीटक गेले. टसर फांदीवर टांगलेला, त्यामुळे हलक्या आगीतून उंचावरचे कोष वाचू शकतात. ऐनाची जाड सालही आग सोसते. पण खालच्या फांद्यांवरचे, रोपांवरचे कोष भाजून निघतात. आणि दरवर्षी आग लागली तर ऐनाची नवी रोपं उभीच राहत नाहीत. आजच्या पतंगापेक्षा मला त्या पुढच्या झाडांची काळजी जास्त वाटते.

येनबोडी | २३ मार्च

आमच्याकडं येन कमरेच्या वर, डोक्याइतके ठेवून छाटतेत. नवी फूट खाली येते, अळ्यांवर लक्ष ठेवता येते. कोसा काढनारा मानूस पाला जारू देत नाई झाडाखाली. कोसा सोडला अन मजुरीले गेला, मंग झाडाकडं पाहनारं कोन रायलं?

कवडसा | २९ मे

ऐनाला पालवी! तांबूस, लवदार, कोवळी. परवा वळवाचे चार थेंब पडले. छपरीतले दोघे शांत.

प्रयोगवही | २९ मे

आता रोज संध्याकाळी सातनंतर एक चक्कर मारत जा. हे पतंग अंधार पडल्यावर निघतात. जाळीत त्यांना उभं चढायला खडबडीत जागा हवी, डहाळ्या ठेवा. निघताना काहीही झालं तरी कोष कापून मदत करू नका. पतंग तोंडाजवळून कोकूनेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतो, ते धागे चिकटवणारा डिंक विरघळवतं. धागा तुटत नाही, नुसता सुटा होतो, आणि पतंग डोक्यानं वाट करतो. फोटिस काफाटोस आणि विल्यम्स यांनी हे विकर १९६४मध्येच शोधून काढलं. बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात. उलटं लटकून पंखात द्रव भरला की ते उलगडतात. त्या वेळात खाली पडला तर पंख कायमचे वाकडे राहतात.

कवडसा | १६ जून, रात्री

निघाला! पहिला निघाला!

सकाळपासून पाऊस होता. पावणेआठला मी कंदील घेऊन गेले तर कोषाचं दांड्याकडचं टोक ओलं, तपकिरी. आतून खरवडल्यासारखा बारीक आवाज. आठ-सव्वाआठला डोकं, मग पाय, मग एक ओलं, केसाळ, विटकरी अंग. तो डहाळीवर चढला आणि थांबला. मामी, मामा, शेजारची दोन पोरं, सगळे गप्प उभे होतो. पंख उलगडायला अर्धा तास तरी लागला असेल. चारही पंखांवर एकेक डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध काच! कंदील मागे धरला तर उजेड आरपार आला.

मिशा पिसासारख्या रुंद आहेत. हा नर ना?

निशाचर_७ | १६ जून, रात्री

नर. रुंद पिसारी मिशा आणि विटकरी रंग. मादी बहुधा पिवळी किंवा राखाडी, अंगानं मोठी, पोट जड आणि मिशा अरुंद. पंखांचा पसारा १५ सेंटिमीटरच्या पुढे भरेल. जाळी उघडा आणि जाऊ द्या. त्याच्याकडे फार दिवस नाहीत. त्याला खाता येईल असं तोंडच नाही. अळीनं ऐनाच्या पानांतून जमवलं तेवढ्यावर आठवडाभर उडायचं.

कवडसा | १६ जून, रात्री

गेला. विहिरीवरून जंगलाच्या बाजूला.

भुईचाफा | १७ जून

इतका मोठा पतंग रात्री उडतो तर वटवाघळं त्याला सोडतात कशी?

प्रयोगवही | १७ जून

बऱ्याच जणांना नाही सोडत. काही पतंगांना वटवाघळाची हाक ऐकायला कान असतात, पण सॅटर्निडी कुळात कान नाहीत. मग बचाव अंगावरच. ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये चिनी टसरवर काम करून दाखवलं की छातीवरची दाट लव आणि पंखांवरचे खवले वटवाघळाच्या आवाजाचा बराच भाग शोषून घेतात. प्रतिध्वनी कमी परततो, पतंग वटवाघळाला अंधुक 'दिसतो'. ताईंनी पाहिलेली ती केसाळ छाती नुसती शोभेची नाही.

कवडसा | १९ जून, रात्री

दुसरी निघाली. हळदीसारखी पिवळी. पोट इतकं जड की डहाळी वाकली. निघून पंख वाळल्यावर ती हललीच नाही. पोटाचं टोक जरा बाहेर काढून नुसती बसून आहे. आजारी आहे का?

निशाचर_७ | १९ जून, रात्री

अजिबात नाही. ती बोलावतेय. पोटाच्या टोकाच्या ग्रंथीतून गंध सोडतेय, आपल्या नाकाला तो कळत नाही. नराच्या त्या रुंद मिशा याच गंधासाठी. फ्रान्समध्ये ज्याँ-आंरी फाब्रनं याच कुळातल्या मयूर पतंगाची मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली होती, तर रात्री खिडकीतून डझनांनी नर आले. काचेच्या बंद भांड्यात ठेवली तेव्हा ती समोर दिसत असूनही एकही आला नाही.

तुमची जाळी आहे तशी राहू द्या, गंध बाहेर जातो. दिवे सगळे मालवा आणि जागा.

येनबोडी | १९ जून, रात्री

मीबी जागा आहो जी. सांगा काय होते ते.

कवडसा | २० जून, पहाटे

एक वाजून गेला होता. पाऊस थांबला होता, बेडूक ओरडत होते. आधी जाळीवर फडफड, मला वाटलं पाकोळी. कंदिलावर पदर धरून बघितलं तर नर. उजवा पंख कडेला फाटलेला, म्हणजे आमचा परवाचा नव्हे, किंवा तोच असेल आणि तीन रात्रींत इतका झिजला असेल. जाळी वर केली. तो चालत आत गेला, पंख थरथरवत. आता दोघे पाठमोरे जोडलेले आहेत, फांदीवरच्या दोन वाळक्या पानांसारखे. सव्वाचार वाजलेत. मामी म्हणाली, पोरी, आता तरी झोप.

येनबोडी | २० जून

जंगलातलं पाखरू आलं तुमच्या दारी. सकारी आपोआप सुटतीन, ओढू नका. मंग मादीले येनाच्या झाडावर ठेवा, नाई तर पानाच्या द्रोनात. सुरुवातीच्या दोनतीन रात्रीच जास्त अंडी देते.

अन एक. आमच्याकडं अंडी दिल्यावर मादीचं पोट कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतेत. पेब्रीन असला तर सारी अंडी जारून टाका लागते.

प्रयोगवही | २० जून

पेब्रीन म्हणजे नोसेमा गटातल्या सूक्ष्मजीवाचा रोग, आईकडून अंड्यांत उतरतो. मादीला तपासून अंडी निवडायची पद्धत लुई पाश्चरनं १८६०च्या दशकात तुतीच्या रेशमासाठी बसवली, रांचीची केंद्रीय तसर संस्थाही तपासणीचा हाच मार्ग सांगते. ताईंना ते करायची गरज नाही, त्या पीक घेत नाहीयेत.

कवडसा | २९ जून

सकाळी साडेआठला सुटले. नर अंधार पडल्यावर उडाला. मादीला संध्याकाळी धुऱ्यावर, ज्याची फांदी तोडली होती त्याच ऐनावर ठेवलं. सालीच्या भेगांत आणि पानांमागे मिळून मला १२०पर्यंत अंडी मोजता आली, आणखीही असतील. चपटी, मळकट पांढरी, कडेनं दोन तपकिरी रेघा. मादी २६ला झाडाखाली पडलेली मिळाली, मुंग्यांनी पंख सोडून सगळं नेलं होतं.

आज नवव्या दिवशी अळ्या निघाल्या. पिवळट तपकिरी, डोकं काळं, अंगावर केस. निघाल्या निघाल्या काहींनी अंड्याचं कवच खाल्लं.

येनबोडी | २९ जून

पयली कात टाकली का हिरव्या होतीन. चार डाव कात टाकतीन. कात टाकताना गप बसतेत, तवा हात लावू नका.

कवडसा | ११ जुलै

हिरव्या झाल्या. पण उरल्या किती? माझ्या नजरेच्या उंचीवर तेवीस. पहिल्या तीन दिवसांच्या पावसात बऱ्याच धुऊन गेल्या, मग लाल मुंग्या. मी मुंग्यांना हाकलायला लागले तर मामांनी थांबवलं. ते म्हणाले, मुंग्याही याच झाडाच्या. मला ते पटलं नाही. रात्री पुन्हा जाऊन एका फांदीभोवती राखेचा पट्टा ओढून आले.

निशाचर_७ | ११ जुलै

मादी दीडदोनशे अंडी घालते ती याचसाठी. दोघांच्या जागी पुढे दोघं उरली की झाडावरची संख्या तेवढीच राहते. पण तुम्ही राख टाकलीत म्हणून मी तुम्हाला दोष देणार नाही.

कवडसा | २७ जुलै

सहा. शेवटची कात टाकून झालीय. बोटभर लांब, बोटापेक्षा जाड, ऐनाच्या पानाच्या देठाकडच्या हिरव्या रंगाच्या. बाजूला चांदीचे ठिपके, पाऱ्याचा थेंब ठेवावा तसे चमकतात. पान धरून कडेनं खाली खाली खात जातात तेव्हा पाऊस नसेल तर आवाज ऐकू येतो. खाली पडलेल्या लेंड्यांवरून कोण कुठे आहे ते शोधते. एकीच्या पाठीवर काळा डाग आहे. येनबोडी दादा, उझी ना?

येनबोडी | २७ जुलै

उझीच जी. ते सोडा. बाकी पाचांकडं पाहा.

कवडसा | ४ ऑगस्ट, सकाळी

झाडाखालीच उभी राहून फोनवरून लिहितेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

काल संध्याकाळपासून एका अळीनं खाणं सोडलं होतं. आज सहाला आले तेव्हा ती पेरभर डहाळीला मिठी मारून होती. तोंडातून धागा, ओला, चकचकीत. डोकं डहाळीच्या एका बाजूनं जातं, फिरतं, दुसऱ्या बाजूनं येतं. तेच पुन्हा. मध्ये थांबते, मागे सरकते, मिनिटभर काहीच नाही, मग पुन्हा डोकं. पाऊस भुरभुर चालू आहे, पाठीवरून थेंब ओघळतात, ती थांबत नाही. मामा छत्री घेऊन आलेत. माझ्या नाही, तिच्या डोक्यावर धरलीय.

कडं बांधून झालं. आता शेजारचं पान ओढतेय.